थंड इंजिनाचा आवाज : त्याची परीक्षा कशी करावी

बैलाने रवंथ सोडली की गोठ्यात पाऊल टाकताच शेतकऱ्यास ते कळते. त्यासाठी त्यास कोणास विचारावे लागत नाही. परंतु ज्या यंत्राने बैलाची जागा बरीचशी घेतली आहे, त्याच्या प्रकृतीविषयी आपले शेतकरी बंधू अजून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. निफाडकडे पौषातील पहाटे पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी द्राक्षबागेच्या फवारणीसाठी ट्रॅक्टर चालू करावा आणि आतून पूर्वी कधी न ऐकलेला ठोका यावा, म्हणजे मालकाचे धाबे दणाणते. मग कोणी भीतीपोटी सबंध इंजिन खोलावयास देतो, तर कोणी ‘गरम झाले की जाईल’ म्हणून तसेच दामटतो. पहिल्याचे पैसे व हंगामाचे दिवस जातात. दुसऱ्याचे कधी कधी इंजिनच जाते.

आमची उमेद महसुली कचेरीत गेली. जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय व जबाब घेतल्याशिवाय निकाल लिहावयाचा नाही, ही शिस्त तेथे अंगवळणी पडली. इंजिनाच्या आवाजासही हीच शिस्त लागू करावी, असे आमचे सांगणे आहे. आवाज हा इंजिनाचा जबाब होय. तो केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो व कशाने बदलतो, एवढे नीट टिपले तर निम्मा निकाल हाती येतो.

थंडीतच आवाज का होतो?

याची मुख्य कारणे तीन. पहिले, धातूंचे प्रसरण. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचा असतो व लायनर बिडाचा. १०० मिलिमीटर व्यासाचा असा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.२ मिलिमीटरने फुगतो; तितकाच तापलेला लायनर सुमारे ०.१ मिलिमीटरने. म्हणून थंड असता दोहोंत फट अधिक ठेवावी लागते, आणि झिजलेल्या इंजिनात ती आणखी वाढलेली असते. पिस्टन अशा फटीत डुलतो व लायनरवर आपटतो.

दुसरे कारण ऑइल. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातील ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते व थंडीने घट्ट होते. इंजिन फिरू लागल्यावर ते वरच्या भागांपर्यंत पोहोचावयास काही क्षण लागतात. तेवढा वेळ धातूवर धातू वाजतो. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे फिरू न देणारी झडप असते. ती निकामी असल्यास हे क्षण लांबतात.

तिसरे कारण डिझेलचे ज्वलन. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगी नव्हती. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. इंजिन थंड असता ती उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात, इंधन पेटावयास विलंब लागतो, तोवर ते साचते व मग एकदम भडकते. थंड डिझेल इंजिनाचा कडक ठोका व पांढुरका धूर यांचे मूळ यात आहे. काही मिनिटांत तो नाहीसा होत असेल तर तो दोष नव्हे. जीप किंवा पिकअपसारख्या गाड्यांत पुष्कळदा ग्लो प्लग असतात. त्यांतील एखादा निकामी झाला तर प्रारंभी इंजिन हादरते व अधिक ठोकते.

परीक्षेची रीत

यंत्र रात्रभर उभे राहू द्यावे. सकाळी चालू करण्यापूर्वी ऑइल व पाणी यांची पातळी पाहावी. नंतर घड्याळ हाती घेऊन चालू होताच, पाच सेकंदांनी, एका मिनिटाने, पाच मिनिटांनी व पूर्ण तापल्यावर, असा पाच वेळी आवाज ऐकून वहीत लिहावा. थंड इंजिनास उगाच रेस देऊ नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नये. त्याच्या धुरातील विषारी वायू माणसाचा प्राण घेतो. धोतराचा सोगा, उपरणे, पदर, मफलर ही पंखा व पट्टा यांपासून दूर ठेवावीत.

ठिकाण शोधण्यासाठी लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागास टेकवावे व मूठ कानाजवळ धरावी. आवाज जेथे सर्वांत स्पष्ट, तेथे त्याचे उगमस्थान जवळ असते. नंतर क्लच दाबून पाहावा. क्लच दाबताच आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. दाबताच सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगवर.

आवाजांची ओळख

वरच्या झाकणाखालून येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून मिनिटास ८०० फेरे असता एका व्हॉल्व्हचे ठोके ४०० होतात. फिलर गेजने फट तपासून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे करून घ्यावी.

हुबेहूब अशीच टिकटिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फुटलेल्या गॅस्केटमधूनही येते, व धातू तापून सांधा घट्ट झाला की थांबते. आमच्या पाहण्यातील एका बागाईतदारास याच आवाजावरून हेड उतरविण्याचा सल्ला एका गॅरेजात मिळाला होता. फवारणीचे दिवस होते व खर्चाचा आकडा मोठा होता. दिवसाउजेडी पाहिले तेव्हा मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी काजळीचा काळा पट्टा आढळला व एक नट ढिला निघाला. गॅस्केट बदलले, नट आवळले, टिकटिक गेली. हेडास हातही लावावा लागला नाही.

चालू होताच किंचाळल्यासारखा आवाज येऊन तो थोड्या वेळाने कमी होत असेल तर पट्टा पाहावा. सेल्फ मारल्याने बॅटरीची वीज खर्चते व ती भरून काढताना अल्टरनेटरचा भार पट्ट्यावर येतो. ढिला किंवा गुळगुळीत झालेला पट्टा तेथे घसरतो. इंजिन बंद असता अंगठ्याने दाबून त्याचा ताण तपासावा. घरघर येत असेल तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग पाहावे.

थंड असता पोकळ, बोथट ठोका येतो व पाच-दहा मिनिटांत विरतो, तो बहुधा पिस्टनचा. ऑइल फार जळत नसेल व ताकद उतरली नसेल, तर असे इंजिन हंगाम संपेपर्यंत जपून चालविता येते.

केव्हा तत्काळ बंद करावे?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही व आवाजही येत असेल, तर एक क्षणही इंजिन चालू ठेवू नये. तसेच जो खोल, जड ठोका तापल्यावर कमी न होता वाढतो, विशेषतः भार घेताना, तो कनेक्टिंग रॉडच्या किंवा क्रँकच्या बेअरिंगचा असण्याचा संभव फार. ऑइल तापून पातळ झाले की झिजलेल्या बेअरिंगला आधार राहत नाही. येथे आज बेअरिंगचा खर्च टाळणारा उद्या क्रँकचा व ब्लॉकचा खर्च करतो. पांढरा धूर तापल्यावरही राहत असेल व रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तरीही फिटरास बोलवावे.

कोणता सिलिंडर वाजतो हे पाहण्यासाठी जुन्या पद्धतीच्या इंजिनावर जाणते मिस्त्री नोझलच्या पाइपाचा नट ढिला करीत. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब १००० बारच्या पुढे जातो. त्याची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते.

जुने यंत्र घेताना

जुना ट्रॅक्टर किंवा गाडी पाहावयास जाल, तेव्हा आधी इंजिनास बाहेरून हात लावून पाहावा. ते कोमट लागले तर विकणाऱ्याने आपण येण्यापूर्वीच ते चालवून ठेवले आहे असे समजावे, व दुसरे दिवशी सकाळी थंड असता दाखविण्यास सांगावे. वाजणारे इंजिन गप्प बसावे म्हणून काही लोक त्यात नेमल्यापेक्षा घट्ट ऑइल घालतात. गरम इंजिनात त्याने आवाज दबतो. परंतु थंडीत तेच ऑइल वर चढावयास अधिक वेळ घेते व झीज वाढविते. पुस्तिकेत १५ डब्ल्यू ४० लिहिले असेल तर तेच घालावे. यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे सूचक आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते.

तात्पर्य, उष्णतेने जो आवाज जातो त्याची चौकशी सवडीने करावी. उष्णतेने जो वाढतो त्याची चौकशी इंजिन बंद करून करावी. पाच वेळांची टिपणे घेऊन जो शेतकरी फिटराकडे जातो, त्यास ‘सगळे खोलून पाहू’ असे सहसा कोणी सांगत नाही. एक वही व एक पेन्सिल ट्रॅक्टरच्या पेटीत पान्यांबरोबर ठेवावी, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.