गाडी उंच करायची म्हणतेस?

अगं, गाडीचा नवा वास अजून गेला नाही, तोच तुला लिफ्ट किटचे वेध लागले! लागू देत, त्यात काही वाईट नाही. पण कुणी म्हणतं दोन इंच, कुणी म्हणतं तीन, कुणी सांगतं की नुसते स्पेसर टाक आणि मोकळी हो. चार कोटेशनं समोर घेऊन बसली आहेस आणि डोकं भणभणलंय. बाजूला ठेव ती सगळी. पाणी पी. विषय वाटतो तेवढा अवघड नाही, आणि तुला तर नक्कीच जमणार आहे.

मला आधी एवढंच सांग, तुझी गाडी रोज कुठे धावते? विरार फाट्यावरून महामार्गाला लागायचं, पेल्हार, वसई फाटा, सातिवली करत कामावर पोचायचं आणि संध्याकाळी त्याच ट्रकांच्या रांगेतून परत यायचं. रविवारी जमलं तर शिरसाडवरून वज्रेश्वरी-गणेशपुरी, नाहीतर पार जव्हार-मोखाड्याकडे. म्हणजे बघ, आठवड्यातले सहा दिवस तुझी गाडी डांबरावर आणि काँक्रीटवर असते. किट निवडायचं ते या सहा दिवसांसाठी. सातव्या दिवसाला ते आपोआप पुरतं. उलट केलंस, तर महामार्गावर रोज मान आणि कंबर त्याची किंमत मोजेल.

खरं सांगू का, आपल्या भागातल्या खड्ड्यांना उंची लागतच नाही. तुझी गाडी जिमनी असो की थार, जिमनीची जमिनीपासूनची उंची कंपनीतूनच 210 मिलिमीटर येते, थारची 226. गोखिवऱ्याचे खड्डे नि सोसायट्यांचे मनमानी गतिरोधक एवढ्या उंचीत आरामात निघतात. त्रास होतो तो आदळण्याचा. काँक्रीटच्या लेनची कड उतरताना, पुलाच्या सांध्यावरून जाताना पाठीत जो दणका बसतो, तो उंचीने कमी होत नाही. तो कमी होतो चांगल्या शॉकने. स्प्रिंग म्हणजे ओटीवरचा झोपाळा आणि शॉक म्हणजे तो थांबवणारा पाय, असं धर. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते आणि हलते. शॉक त्या हलण्याला आवर घालतो. झोपाळा बदललास आणि पाय तोच कमजोर ठेवलास, तर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर दोन-तीनदा डुलत राहील.

म्हणूनच नुसते स्पेसर मला पटत नाहीत. स्प्रिंगखाली ठोकळा सरकवला की गाडी उंच दिसते आणि खर्चही कमी येतो, हे खरं. पण शॉकची लांबी जुनीच राहते. चाक खड्ड्यात उतरलं की शॉक पूर्ण ताणला जातो आणि खाडकन आवाज येतो. रोजच्या गाडीत हे चालवून घेऊ नकोस. त्याहून वेगळा प्रकार म्हणजे बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे. त्याने सस्पेन्शन तसूभरही सुधारत नाही. मोठ्या टायरला जागा मिळते, बस्स.

आता एक गोष्ट नीट समजून घे, कारण दुकानात ती सहसा कुणी सांगत नाही. जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे. थारला पुढची चाकं स्वतंत्र आहेत, मागे अखंड एक्सल. त्या एक्सलवर डिफरन्शियलचा जो गोळा दिसतो, तोच बहुतेक वेळा दगडाला लागतो. दोन इंचांचं किट टाकलंस तर चासी वर जाते, गाडीचं पोट वर जातं, पण तो गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. जिमनीचा मूळ टायर 195/80 आर 15, व्यास 693 मिलिमीटर. 215/75 घेतलास तर मिळतात जेमतेम पाच मिलिमीटर. 235/75 घेतलास तर वीस. पण मग काट्यावर दिसतो त्याच्यापेक्षा गाडीचा वेग पूर्वीच्या हिशेबाने पावणेसहा टक्क्यांनी वाढलेला असतो, टायर जड असल्याने पिकअप आणि मायलेज दोन्ही उतरतात, ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच. विचार कर, हे सगळं तुला रोज हवंय का?

माझं ऐकशील तर चाळीस ते पन्नास मिलिमीटरच्या पुढे जाऊ नकोस. तिथपर्यंत गाडीचा स्वभाव सांभाळता येतो. तीन इंचांना गेलीस की एकेक भाग बदलत बसावं लागतं, आणि वजनाचा मध्य वर गेल्यामुळे घाटातल्या वळणावर गाडी कलते ती वेगळीच. मागच्या सीटवर मुलं असतील तर हे तुला आधी जाणवेल.

बरं, स्प्रिंग कोणती? इथे बहुतेकजणी फसतात, म्हणून जरा थांबून वाच. ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन यांच्यासारखे ब्रँड एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा विकतात. काही रिकाम्या गाडीसाठी, काही पुढे लोखंडी बंपर आणि विंच असलेल्या गाडीसाठी, काही मागे कायम सामान भरलेल्या गाडीसाठी. तुझ्या गाडीत रोज काय असतं? तू, पर्स, डबा, फार तर भाजीच्या दोन पिशव्या. मग जड वजनाची स्प्रिंग घेऊ नकोस. दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, हेवी ड्यूटी घ्या, टिकेल.’ टिकेल गं, पण रिकाम्या गाडीत ती स्प्रिंग दबणारच नाही आणि प्रत्येक खडा तुझ्या कण्यापर्यंत पोचेल. पुढे कधीतरी विंच लावीन म्हणून आज जड स्प्रिंग घेणं तर मुळीच नको. जे वजन आज कायमचं गाडीवर आहे तेच धरायचं. शक्य असेल तर वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगळा तोलून घे. महामार्गावर ट्रकांचे काटे आहेत, फार वेळ लागत नाही.

आणि कोटेशनमध्ये फक्त स्प्रिंग आणि शॉक लिहिले असतील तर ते अर्धंच आहे असं समज. जिमनीसारखी अखंड एक्सलची गाडी वर गेली की एक्सलला चासीशी आडवं बांधणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. त्याला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. कॅस्टरचा, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाच्या मागच्या कलाचा, कोन कमी होतो, मग ऐंशीच्या वेगाला गाडी रस्त्यावर भरकटल्यासारखी वाटते आणि वळण संपल्यावर स्टीअरिंग आपलं आपण परत येत नाही. त्यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश मिळतात. थार असेल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे रबरी बूट फाटतात आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना स्वतः वाकून बघायचं. लाजू नकोस, गाडी तुझी आहे. हेडलाइटचा झोतही वर जातो. तो खाली घ्यायला सांग, नाहीतर समोरून येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे दिपतील.

फिटिंगच्या वेळी एक वाक्य पाठ करून जा. ‘रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा.’ चाकं हवेत असताना बोल्ट आवळले की बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. हे वाक्य ऐकलं की फिटर तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल आणि काम नीट करेल. त्यानंतर अलाइनमेंट, आणि हजारेक किलोमीटरनंतर सगळे नटबोल्ट पुन्हा तपासणं.

आता घरचं. सासूबाई नऊवारी नेसून पुढच्या सीटवर चढणार कशा? आत्ताच त्यांना हात द्यावा लागत असेल, तर आणखी दोन इंचांनी पायरी लावावीच लागेल. त्याचा खर्च आधीच धर. बिल्डिंगच्या स्टिल्टमधली बीम मोज, छतावर कॅरियर असेल तर त्याच्यासकट मोज. आणि आपली खारी हवा विसरू नकोस. वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरची रो-रो धरत असशील, अर्नाळा-राजोडीकडे जाणं-येणं असेल, तर नव्या स्प्रिंगांचा रंग जिथे खरचटेल तिथून गंज सुरू होतो. गाडीचं पोट गोड्या पाण्याने नेमाने धुवून घे, पावसाळ्यात तर जास्तच.

पावसाळ्यावरून आठवलं. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि रेल्वेगाड्या बंद पडल्या, ते दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्या भीतीने तू गाडी उंच करत असशील तर मी तुला थांबवीन. थारसाठी कंपनी 650 मिलिमीटर पाण्यापर्यंतची खात्री देते. दोन इंचांचं किट टाकून तो आकडा वाढत नाही, कारण एक्सल, गिअरबॉक्स आणि त्यांचे हवेचे पाइप कंपनीने ठरवलेल्याच हिशेबाचे राहतात. इंजिनात पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग किटच्या कितीतरी पट खर्च. पाण्याची धास्ती असेल तर एक्सलचे ते हवेचे, म्हणजे ब्रीदर पाइप वरपर्यंत वाढवून घे. स्वस्तातलं काम आहे आणि खरोखर उपयोगाचं. आणि पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी वळव. त्या दिवशी कामावर उशीर झाला तरी चालेल.

कायद्याचंही स्पष्ट सांगते, कारण हे तुला नंतर कळलेलं मला आवडणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणीपुस्तकातला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बुलबारबद्दल तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या एमएच-48 च्या आरटीओत जाऊन विचार, आणि विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घे. फोनवरचं ‘हो हो, चालतं’ क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. वॉरंटीचंही शोरूमकडून लिहून घे. उत्तर नकाराचं आलं तर गाडी मूळ उंचीवर ठेव. कंपनीच्याच मापाचे पण चांगल्या प्रतीचे शॉक घे. तुझ्या रोजच्या रस्त्याचा बहुतेक त्रास तिथेच संपेल.

आणि ऑफ-रोडिंग शिकायचंच असेल तर किटच्या पैशातला थोडा भाग शिकण्यावर घाल. महिंद्राने इगतपुरीला त्यासाठी खास अकादमी काढली होती. तशी शिकवणी जिथे मिळेल तिथे घे. लो रेंज कधी टाकायचा, उतारावर ब्रेकवरून पाय कधी काढायचा, टायरची हवा किती कमी करायची हे हातात बसलं की मूळ उंचीची जिमनी कुठे कुठे चढते ते बघ. मात्र तुंगारेश्वरात गाडी घालायची नाही. ते 2003 पासून अभयारण्य आहे. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतही नाही. भरती चढायला लागली की ओढून काढायलाही कुणी पोचत नाही.

मग आता काय करशील? आधी टायरची हवा तपास. आहेत ते शॉक गळतायत का, बुश फाटलेत का ते बघून घे. गाडी नवीच आहे, तर एक पावसाळा आहे तशीच चालव आणि नेमकं काय खटकतं ते वहीत लिहून ठेव. ज्यांनी तेच किट टाकलंय अशा कुणाच्या तरी गाडीत बसून महामार्गावर एक फेरी मार, मागच्या सीटवर बसून. त्यानंतरच कोटेशन माग, आणि त्यात स्प्रिंगचं वजन, शॉकचं नाव, पॅनहार्ड रॉड, कॅस्टर बुश, अलाइनमेंट आणि मजुरी असं सगळं वेगवेगळं लिहून माग. ते आलं की मला व्हॉट्सअॅपवर पाठव. मी बघेपर्यंत अॅडव्हान्स द्यायचा नाही, कळलं?