हृदयाची ‘टू-डी इको’ तपासणी : कोणी करावी आणि कशासाठी?



आपल्या रायगड जिल्ह्यात उरण-अलिबागपासून थेट म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत कोठेही चार माणसे बसली आणि आजारपणाचा विषय निघाला की ‘टू-डी इको’ हा शब्द आज हमखास कानावर येतो. एके काळी छातीची तपासणी म्हणजे एक्स-रे आणि फार तर कार्डिओग्राम, एवढेच आपल्या गावांना ठाऊक होते. आता संपूर्ण शरीर तपासणीच्या ‘पॅकेज’मध्येसुद्धा इको असतो. तेव्हा ही तपासणी खरोखर उपयोगाची आहे काय, आणि असल्यास कोणाला, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे झाले आहे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील एक कारकून आहे. परंतु काउंटरवर पैसे काढण्याचे कारण आम्ही विचारले नाही तरी लोक आपण होऊन सांगतात. कोणी तपासणीसाठी मुदत ठेव मोडतो, तर कोणी इंग्रजीतील रिपोर्ट पुढे करून “यात काय लिहिलंय ते जरा सांगा” म्हणतो. त्या निमित्ताने या विषयावर जे वाचले आणि समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

ही तपासणी म्हणजे काय?

आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हे तत्त्व नव्याने सांगावयास नको. मोठ्या मच्छीमार बोटीवर मासळी शोधण्याचे यंत्र असते. ते पाण्यात ध्वनिलहरी सोडते, त्या मासळीच्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटते. इको म्हणजे प्रतिध्वनी. हृदयाच्या तपासणीतही हेच घडते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या लहरी सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांच्या असतात. त्या शरीरातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातात, हृदयाच्या भिंती व झडपांवरून परत फिरतात आणि धडधडणारे हृदय पडद्यावर दिसू लागते.

या शोधाचे मूळही जहाजांच्या कारखान्यात आहे. स्वीडन देशातील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक कार्ल हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ साली हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदविले. त्यासाठी त्यांनी वापरलेले यंत्र मुळात जहाजबांधणीत धातूतील भेगा शोधण्यासाठी वापरले जाणाऱ्या जातीचे होते. रक्ताचा प्रवाह कोणत्या दिशेने व किती वेगाने जातो हे दाखविणारी ‘डॉप्लर’ पद्धत पुढे तिला जोडली गेली. ख्रिस्तियान डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेल्या तत्त्वावरून तिला हे नाव मिळाले.

या तपासणीत सुई नाही, वेदना नाही, आणि एक्स-रेसारखे किरणही नाहीत. डाव्या कुशीवर झोपवून, छातीवर जेल लावून यंत्राचा लहान भाग फिरविला जातो. साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. नेहमीच्या इकोसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. छाती उघडी करावी लागते, म्हणून भगिनींनी सोबत स्त्री परिचारिका असावी असे निःसंकोच सांगावे.

काय दिसते आणि काय दिसत नाही?

हृदय हे चार खोल्यांचे घर समजा. या तपासणीत खोल्यांचा आकार, भिंतींची जाडी, चारही झडपांची म्हणजे दरवाजांची उघडझाप, हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद, जन्मजात छिद्र आणि हृदयाभोवती साठलेले पाणी हे सारे दिसते. परंतु या घराच्या भिंतींना पाणी पुरविणारे बारीक नळ, म्हणजेच हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांतील अडथळे, यात दिसत नाहीत. लोक ज्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात ते पाहण्यासाठी अँजिओग्राफी हीच तपासणी आहे.

सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतो. धमनीत मोठा अडथळा असूनही शांतपणे पडून असताना काढलेला इको अगदी नॉर्मल येऊ शकतो. “माझा इको चांगला आहे” म्हणून चढणीवर छातीत येणाऱ्या कळेकडे दुर्लक्ष करणारा माणूस स्वतःची फसवणूक करीत असतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे असतील तेव्हा इकोची वेळ घेत बसू नये. लगेच जवळच्या रुग्णालयात जाऊन प्रथम कार्डिओग्राम काढावा. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

धडधाकट माणसाने इको काढावा काय?

काहीच त्रास नाही, रक्तदाब ठीक आहे, डॉक्टरांना तपासणीत काही आढळलेले नाही. तरी “एकदा बघून घेऊ” म्हणून इको काढल्याने आयुष्य वाढते काय? या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा नॉर्वे देशातील ट्रोम्सो शहरात घेतली गेली. ६८६१ मध्यमवयीन नागरिकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाचा इको काढला, दुसऱ्याचा काढला नाही, आणि पंधरा वर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत दर शंभरी सुमारे सत्तावीस माणसे दगावली होती. जो किरकोळ फरक होता, त्याला संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थ नव्हता. इको काढल्याने हृदयविकाराचे झटकेही कमी झाले नव्हते.

याचा अर्थ इको निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. प्रश्नच नसताना मागितलेल्या उत्तराचा उपयोग होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट, वयोमानाप्रमाणे दिसणारा एखादा किरकोळ बदल रिपोर्टात लिहिला जातो, घरची माणसे घाबरतात आणि एका तपासणीतून दुसरी तपासणी निघते. खाजगी ठिकाणी एका इकोला साधारण दीड ते तीन हजार रुपये पडतात. मुरूड-श्रीवर्धनच्या माणसाला त्यात एस. टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचा खर्च आणि दोघांची बुडालेली मजुरी मिळवावी लागते. तेवढ्या पैशात घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र येते. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू-मिश्री-विडी सोडणे, मीठ-खारवलेले पदार्थ बेताने खाणे आणि रोज चालणे याने हृदयाचे जितके रक्षण होते, तितके हौसेने काढलेल्या इकोने होत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र वेगळे

याच तपासणीची दुसरी बाजू आता पाहू. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये घसा दुखून ताप येणे नित्याचे असते. त्यातील काही घसादुखी स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे होते. नीट उपचार न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात. आज गुडघा तर उद्या घोटा. हा संधिवाताचा ताप होय. सांध्यांची सूज उतरते, घरचे विसरून जातात, परंतु हा आजार हृदयाच्या झडपांवर कायमचा व्रण ठेवून जाऊ शकतो. दहा-पंधरा वर्षांनी मुलगी पहिल्या गरोदरपणात धापा टाकू लागते, तेव्हा झडप आकसल्याचे कळते. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तेथे हा जंतू जास्त पसरतो. म्हणून हा गरिबांच्या घरचा हृदयविकार आहे, आणि चाळीत व झोपडपट्टीत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तो अनोळखी नाही.

युगांडा देशात पाच ते सतरा वर्षांच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांचे इको काढून झडपांवर या आजाराची सुरुवातीची खूण असलेली ८१८ मुले निवडली गेली. अर्ध्या मुलांना दोन वर्षे दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार इंजेक्शन न घेतलेल्या मुलांपैकी शंभरात आठ जणांचा आजार वाढला. घेतलेल्यांपैकी शंभरात एकाचाही नाही म्हणावे इतके हे प्रमाण कमी होते. येथे इकोने आजार वेळेत पकडला आणि स्वस्त औषधाने तो रोखता आला. नॉर्वेतील प्रौढांना जी तपासणी काही देऊ शकली नाही, तीच या मुलांना खूप काही देऊन गेली. तपासणीचे मोल यंत्रात नसून कोणाची, कशासाठी आणि पुढे कोणता इलाज करण्यासाठी ती केली यावर ठरते.

इको अवश्य कोणी करावा?

पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने इको टाळू नये :

१) थोडे चालल्यावर किंवा जिना चढताना नव्याने दम लागणे, रात्री उशाला दोन-तीन उश्या घेतल्याशिवाय झोप न येणे.

२) दोन्ही पायांवर सूज येणे, विनाकारण चक्कर येऊन शुद्ध हरपणे, छातीत वारंवार धडधडणे.

३) डॉक्टरांना हृदयात जादा आवाज ऐकू येणे किंवा कार्डिओग्राममध्ये दोष आढळणे.

४) हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होऊन गेलेला असणे.

५) मुलाचे सांधे सुजून ताप येणे, तान्ह्या बाळाला दूध पिताना घाम व दम लागणे, वजन न वाढणे, ओठ निळे पडणे.

६) गरोदरपणी नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे.

७) जवळच्या नात्यात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे किंवा हृदयाचा आनुवंशिक आजार असणे.

रिपोर्ट हाती आल्यावर

रिपोर्टात ‘एल. व्ही. ई. एफ. ६० टक्के’ असे वाचून अनेकांच्या तोंडचे पाणी पळते. परीक्षेत शंभरापैकी साठ गुण पडावेत तसे हृदय चाळीस टक्के निकामी झाले, असा समज होतो. तो साफ चुकीचा आहे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर जाते, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कोणाचाच नसतो. ४० किंवा त्याहून कमी आकडा मात्र गंभीर समजावा. ‘ट्रिव्हियल’ हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ नगण्य असा आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर ‘ग्रेड वन’ असा शेराही पुष्कळांच्या रिपोर्टात असतो. त्याने घाबरून न जाता तो डॉक्टरांना दाखवावा आणि आपला रक्तदाब तपासून घ्यावा. पहिला रिपोर्ट कधीही टाकू नये. आजार वाढला की थांबला, हे जुना व नवा रिपोर्ट शेजारी ठेवल्यावरच कळते.

खर्चाची सोय

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची वैद्यकीय पथकाकडून तपासणी होते. हृदयदोषाचा संशय आल्यास पुढील तपासणी व शस्त्रक्रियेसाठी मुलाला मोफत पाठविले जाते. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हजर राहील एवढी काळजी पालकांनी घ्यावी. मोठ्यांसाठी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. झडपेची शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी व बायपास हे उपचार तिच्यात बसतात. मात्र ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. नुसत्या इकोचा खर्च तीत मिळेल असे गृहीत धरू नये. रुग्णालयातील ‘आरोग्यमित्रा’ला प्रथम भेटावे, शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे, आणि पैसे भरण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

आपण काय करावे?

डॉक्टरांनी इको सांगितला तर तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. यातून आपण काय शोधत आहोत? दोष निघाला तर उपचारात काय बदल होईल? आणि काही दिवस थांबले तर धोका आहे काय? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उत्तर मिळाले तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून, प्रसंगी उसनवारी करूनही तपासणी करावी. केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून किंवा शेजाऱ्याने केली म्हणून करू नये.

आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या संस्थांनी महागड्या यंत्राच्या जाहिरातीपेक्षा प्रत्येकाचा रक्तदाब मोजणे, साखर पाहणे आणि डॉक्टरांकडून प्रत्येक मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून घेणे यांवर भर द्यावा. त्यातून ज्यांच्या बाबतीत शंका निघेल त्यांनाच इकोसाठी पाठवावे, आणि शक्य असेल तेथे एक कार्यकर्ता त्यांच्या सोबत द्यावा. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी घरातील वडीलधाऱ्यांचे रिपोर्ट वाचून, तारखेप्रमाणे लावून एका फाइलीत ठेवावेत. हे काम आजच्या रविवारीसुद्धा सुरू करता येईल.