घर भिंतीबाहेरचं

भाच्या, सुरतेची नोकरी सोडून चिंचपाड्यात घर बांधतोयस, बरं केलंस. विटा, सळई, स्लॅब यातलं मला विचारू नकोस, ते गवंडी बघेल. मी सांगतो ते भिंतीबाहेरचं. घरात तू फरशी कोणती बसवलीस यावरून गावात कोणी भांडत नाही. पागोळी कुठे पडते, मोरीचं पाणी कुठे जातं, पायरी किती पुढे आली, उकिरडा कोणाच्या दाराशी आहे, यावरून डोकी फुटतात. पंचायतीची नोटीसही तिथूनच निघते.

पायाची फक्की मारण्याआधी भाऊसाहेबांना गाठ. 2024 पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं ठरलंय, पण हाक अजून भाऊसाहेबच. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा. त्याचं कलम 52 सांगतं की पंचायतीला विचारल्याशिवाय घर उभारायचं नाही, जुनं पाडून त्याच जागी बांधत असलास तरी. 2021 मध्ये सरकारने गावाकडच्या 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना परवानगीतून मोकळीक दिली, हे तुला चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक इंजिनिअरचा दाखला तरीही पंचायतीत द्यावा लागतो. दोन प्रती कर, एकीवर शिक्का, सही, तारीख घे. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं समज.

घर झालं की नमुना 8 ला नोंद लाव, आणि सुनबाईचं नावही त्यात घालून घे. फक्त नमुना 8 म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही, मालकीचा पुरावा नव्हे. तो दाखवून जागा विकणारे भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. घरपट्टी सप्टेंबरच्या आत भर, 5 टक्के सूट मिळते.

आता ओटा. सगळ्यांना हौस असते, बसायला ओटा हवा, ओट्याला पायरी हवी, पायरीपुढे मोटारसायकलला उतार हवा. बघता बघता गल्लीतून बैलगाडी जात नाही. कलम 53 खाली पंचायत असं बांधकाम काढू शकते आणि खर्चही तुझ्याच माथी मारते. पायरी आतल्या बाजूला वळव, फूटभर जागा गेली तर जाऊ दे. उद्या निवडणुकीला उभं राहायची खाज तुला आहेच, मला ठाऊक आहे. सरकारी जागेवर अतिक्रमण असलेल्याला सदस्य होता येत नाही. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तर घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्यालाही अपात्र धरलं. घरात शौचालय नसलं, बिल दिल्यावरही घरपट्टी थकली, तरी गाडी तिथेच अडते.

पाण्याचं नीट ऐक. आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते तू सुरतेत राहून विसरला नसशील. पत्रा असो की कौल, छपराची पागोळी आपल्याच हद्दीत पडली पाहिजे. भिंत हद्दीवर घेतलीस की पागोळी शेजाऱ्याच्या कुडावर. मातीचा कूड एका पावसाळ्यात खालून खचतो, आणि मग शेजारी बोलायचा बंद होतो. दोन हात आत सरक.

मोरीचं पाणी गल्लीत सोडू नकोस, शोषखड्डा कर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर असे खड्डे केले आणि उघड्या गटारांबरोबर डासही घालवले. चार फूट लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल खणायचा. तळाला मोठे दगड, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्या भोवती दगड लहान होत वर येतात. पाणी आधी टाकीत पडतं, गाळ तिथे बसतो, स्वच्छ पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत. लोक टाकीचा खर्च वाचवून नुसतेच दगड भरतात. पहिल्या वर्षी मजेत चालतं, मग राख आणि भाताची पेज दगडांत अडकते आणि खड्डा तुंबतो. मोरीच्या तोंडाला जाळी लाव, मृगाआधी टाकीतला गाळ उपस. रोजगार हमीतून पैसे मिळतात का, हेही भाऊसाहेबांना विचार.

नाल्याच्या काठची जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. 2018 च्या ऑगस्टमध्ये आपल्या नवापूर तालुक्यात पुराने काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

उकिरडा घरामागे, खड्ड्यात, विहिरीपासून लांब. कोंबड्या मेल्या तर नाल्यात फेकायच्या नाहीत, चुना टाकून खोल पुरायच्या आणि जास्त मेल्या तर जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरातच सापडला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मागची जागा झाली, आता पुढची. बाहेरचा एखादा येऊन पुढच्या मोकळ्या जागेत टपरी टाकू दे म्हणेल, स्टॅम्पपेपर काढेल. आपली जमीन आदिवासीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती बिगर आदिवासीला देता येत नाही, त्याच्या स्टॅम्पपेपरला अर्थ नाही. हसून चहा पाज आणि वाटेला लाव.

समोरची गटार तुंबली तर सरपंचाच्या नावाने खडे फोडत बसू नकोस. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात, आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू, ग्रामसभेचा शब्द इथे इतर गावांपेक्षा वजनदार. पण सभेला उठून बोलावं लागतं आणि ठरलेलं इतिवृत्तात लिहून घ्यावं लागतं. गटारीचा विषय 1 मेच्या सभेत काढ. 15 ऑगस्टला काढलास तर काम दिवाळीनंतर होईल, तोवर पाऊस संपलेला असेल.