टोमॅटोच्या सेटिंगसाठी पेटी नको, बांध राखा

सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला टोमॅटो आता फुलकळीवर आला आहे. पुण्याजवळचं ताथवडे गाव २००९ मध्ये महापालिकेत गेलं आणि रानांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरी जांबे, नेरे, मारुंजीच्या अंगाला अजून तारकाठीवर टोमॅटो चढतो. ताथवड्यात ज्यांचं रान गेलं, त्यांच्याही गच्चीत चार कुंड्या असतातच. या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो, सेटिंगसाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात का? टोमॅटोपुरतं उत्तर स्पष्ट आहे: पैसे घालवू नका. काकडी, कलिंगड, कांद्याचं बियाणं यांना पेटीतली सातेरी मधमाशी फार मोलाची आहे. पेटी शिकायचीच असेल तर पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. पण टोमॅटोच्या फुलाची घडणच वेगळी आहे.

एक फूल तोडून हातात घ्या. पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधे पिवळी निमुळती नळी दिसेल. ती परागकोशांची नळी. पराग आतल्या बाजूला सुटतात आणि टोकाच्या बारीक तोंडातून बाहेर पडतात, मिठाची डबी झटकल्यावर मीठ पडतं तसे. झटका बसला नाही तर बरेचसे आतच राहतात. शिवाय या फुलात मधुरस नसतो. त्यामुळे सातेरीला तिथं यायचं कारण थोडं, आणि आली तरी तो झटका तिला देता येत नाही.

तो देतात आपल्या रानातल्या एकट्या राहणाऱ्या माश्या. पोटावर निळसर पट्टे असलेली, हरभऱ्याहून थोडी मोठी माशी तुम्ही तुळशीवर पाहिली असेल. सकाळी ऊन तापायला लागलं की फुलावर झुकून पाहा. ती नळीला खालून कवटाळते, पंख मिटते आणि पंखांचे स्नायू मात्र जोरात थरथरवते. उडतानाच्या आवाजापेक्षा बारीक, चढा गुंजारव ऐकू येतो आणि तिच्या पोटावर पिवळी भुकटी सांडते. दोन-तीन सेकंदांत ती पुढच्या फुलावर जाते. काळा भुंगा आणि जमिनीत बिळं करणाऱ्या काही लहान माश्याही असंच करतात. वांग्यालाही याच माश्या लागतात.

टोमॅटोचं फूल स्वतःच्या परागानंही फळतं, वाऱ्यानं झाड हललं तरी थोडे पराग पडतात, हे खरं. पण परागण भरपूर झालं की फळात बी जास्त धरतं, आणि बी जास्त तर फळ मोठं आणि एकसारखं. वेडंवाकडं, एका बाजूनं पोकळ फळ दिसलं की आपण औषधाच्या दुकानात धावतो. त्याआधी फुलावर कोण बसतं ते दोन सकाळी पाहायला हवं. कडाक्याची थंडी किंवा पस्तिशीच्या वरचं ऊन असेल तर फुलगळ माशीनंही थांबत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आता करायचं काय. यातल्या बहुतेक माश्या काहीशे मीटरच्या टप्प्यातच फिरतात, म्हणून घर आणि खाणं दोन्ही रानाजवळ हवं. निळ्या पट्ट्यांची माशी मऊ मातीत, जुन्या मातीच्या भिंतीत किंवा ओढ्याच्या काठाला काही इंच खोल बीळ करते. आपण बेडवर मल्चिंग पेपर अंथरतो, मधला भाग रोटाव्हेटरनं भुसभुशीत करतो आणि बांध जेसीबीनं कोरतो. मग तिनं जायचं कुठं? एका बाजूचा बांध नांगरू नका, जाळू नका, त्यावर तणनाशक मारू नका. भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत राहतो. तारकाठीतून बाद झालेले बांबू चुलीत घालण्याऐवजी जुडी बांधून सावलीत आडवे टांगा.

टोमॅटोत मधुरस नाही म्हणून खाणं बाहेरून द्यावं लागतं. बांधावर तुळस, सब्जा लावा, तुंबा उगवला तर उपटू नका. कडेला ताग आणि शेवगा असला की भुंगा हटत नाही.

फवारणी हा सगळ्यांत मोठा घाव. फुलं असताना सकाळी पंप काढू नका. गरजच पडली तर सूर्य कलल्यावर, माश्या परतल्यावर मारा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडात मुरून परागापर्यंत पोहोचतात. ती ड्रेंचिंगनं दिली तरी धोका टळत नाही. युरोपीय संघानं २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर बंद केला तो माश्यांसाठीच. फुलोऱ्यात ती टाळा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्कापासून सुरुवात करा.

शेडनेटमध्ये वारा नाही, माशीही नाही. युरोपात हरितगृहात बंबलबी सोडतात, पण ती आपल्या पठारावरची नाही. म्हणून शेडनेटमध्ये सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तारांना काठीनं हलका ठोका द्या. बाराव्या मजल्यावरच्या कुंडीत चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला क्षणभर टेकवली तरी पराग पडतात.

बांध साफ करायचा बेत असेल तर आदल्या संध्याकाळी दिवस मावळताना एक फेरी मारा. वाळक्या गवताच्या एखाद्या काडीला निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर जबड्यानं धरून ओळीनं लटकलेले, झोपलेले दिसतील. दिसले तर तेवढा कोपरा टोमॅटोचा शेवटचा तोडा होईपर्यंत तसाच ठेवा.