दिनदर्शिकेतील बदल आणि पुन्हापुन्हा जाणाऱ्या सूचना

पाठाचा हेतू : गूगल दिनदर्शिकेत नोंद होताच शिक्षकांना आपोआप ईमेल जावा, अशी योजना अनेक केंद्रांना करता येण्यासारखी आहे. ती योजना एकाच कार्यक्रमाची सूचना वारंवार का पाठविते आणि तिला आवर कसा घालावा, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

केंद्राच्या शिक्षण परिषदेची नोंद सोमवारी झाली. मंगळवारी तिचा दिनांक शुक्रवारऐवजी शनिवार करण्यात आला. त्यानंतर शीर्षकातील एक ऱ्हस्वदीर्घाची चूक दुरुस्त झाली आणि शेवटी विषयपत्रिका जोडली गेली. ह्या चार कृतींपैकी शिक्षकांना कळविण्याजोग्या दोनच होत्या : पहिली नोंद आणि दिनांकातील बदल. परंतु प्रत्येक बदलाला चालना घेणारी योजना चार सूचना पाठवील.

ही केवळ गैरसोय नव्हे. निरर्थक सूचना वरचेवर येऊ लागल्या की माणूस त्या न वाचताच बाजूला सारतो आणि त्यांतच खरा बदल सांगणारी सूचनाही हरवते. द्विशिक्षकी शाळेतील एक गुरुजी चुकीच्या दिवशी परिषदेस निघून गेले, तर चार वर्गांचा भार एकट्या सहकाऱ्यावर पडतो आणि त्या दिवसाचे अध्यापन बुडते.

२. असे का घडते?

गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये दिनदर्शिकेला जोडलेला ट्रिगर नोंद निर्माण झाली, बदलली वा पुसली, तरी चालतो. कोणती नोंद बदलली आणि तीत काय बदलले, हे मात्र तो सांगत नाही. ‘काहीतरी बदलले आहे’ एवढीच वर्दी तो देतो. शाळेची घंटा वाजली म्हणून ती प्रार्थनेची की सुट्टीची, हे जसे वेळापत्रक पाहूनच ठरवावे लागते, तसेच हे आहे.

दुसरे कारण स्वतःच्याच कृतीचे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये ‘नोंद बदलली असता’ सुरू होणाऱ्या योजनेने त्याच नोंदीत ‘सूचना पाठविली’ असे लिहिले, तर ते लिहिणेही बदलच ठरते. योजना पुन्हा सुरू होते, पुन्हा लिहिते आणि हे चक्र थांबत नाही.

तिसरे कारण साधे, पण वारंवार आढळणारे : एकाच कामासाठी दोन ट्रिगर बसलेले असणे. ॲप्स स्क्रिप्टमध्ये एका व्यक्तीने बसविलेले ट्रिगर दुसऱ्यास दिसत नाहीत. बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या खात्यातील जुना ट्रिगर तसाच राहिला आणि नव्याने आपला बसविला, तर सूचना दुहेरी जातात. म्हणून कार्यभार सोपविताना हे ट्रिगर काढून टाकण्याची नोंद अवश्य असावी.

३. उपाय : सूचनांची बारनिशी

शाळेत पत्र जावयाचे झाले की जावक क्रमांक पडतो. क्रमांक पडलेले पत्र पुन्हा पाठविले जात नाही. हीच शिस्त ह्या योजनेला लावावी. गूगल शीटवर पाच रकाने आखावेत : नोंदीचा ओळखक्रमांक, दिनांक, वेळ, स्थळ आणि स्थिती. ही बारनिशी दिनदर्शिकेबाहेर असल्यामुळे तीत लिहिल्याने दिनदर्शिका बदलत नाही व वर सांगितलेले चक्र निर्माण होत नाही.

बदललेली नोंद हाती येताच योजनेने पुढील क्रमाने विचार करावा :

(अ) ओळखक्रमांक बारनिशीत नाही : नवी सूचना पाठवावी.
(आ) ओळखक्रमांक आहे आणि दिनांक, वेळ, स्थळ पूर्वीचेच आहेत : काहीही करू नये.
(इ) ह्या तिहींपैकी एखादी बाब बदलली आहे : बदलाची सूचना पाठवून रकाने सुधारावेत.
(ई) नोंद रद्द झाली आहे : पूर्वी सूचना गेली असेल तरच रद्द झाल्याचे कळवावे.

पाठविण्यापूर्वी स्थितीच्या रकान्यात ‘सुरू’ आणि पाठविल्यावर ‘पूर्ण’ असे लिहावे. मध्येच काम अडले तर ‘सुरू’ असा शेरा राहिलेली नोंद माणसाने तपासावी.

दरमहा होणाऱ्या आवर्ती नोंदींत एक सावधगिरी हवी. ॲप्स स्क्रिप्टच्या साध्या पद्धतीने मिळणारा ओळखक्रमांक संपूर्ण मालिकेचा असतो. म्हणून त्याच्या जोडीला त्या त्या सभेची मूळ प्रारंभवेळही लिहावी. नाहीतर जुलैची सभा जूनचीच समजली जाईल.

४. थोडा धीर आणि खुणेची चिठ्ठी

नोंद करणारा माणूस पाच मिनिटांत तीनदा दुरुस्ती करतो. प्रत्येक दुरुस्तीमागे धावण्यापेक्षा दर ३० मिनिटांनी चालणारा वेळेचा ट्रिगर बसवावा, म्हणजे मधल्या दुरुस्त्यांचे अंतिम रूपच पाहिले जाते. अगदी तातडीची सूचना मात्र दूरध्वनीनेच द्यावी.

मागील वाचनानंतर काय बदलले, हे कळण्यासाठी गूगल दिनदर्शिका ‘सिंक टोकन’ नावाची खूण देते. ती जपून ठेवून पुढील वेळी परत दिली की तेवढेच बदल मिळतात. ही खूण कधी कधी निकामी होते. तेव्हा ४१० हा संकेतांक येतो व दिनदर्शिका पहिल्यापासून वाचावी लागते. बारनिशी नसेल, तर ह्याच वेळी जुन्या सर्व सूचना पुन्हा बाहेर पडण्याचा धोका असतो. बारनिशी असेल, तर त्या (आ) ह्या नियमाने तेथेच थांबतात.

एक वाचन संपण्यापूर्वी दुसरे सुरू होऊ नये, ह्यासाठी ॲप्स स्क्रिप्टमधील ‘लॉक सर्व्हिस’ वापरावी.

५. स्वाध्याय

योजना सर्वांसाठी सुरू करण्यापूर्वी फक्त स्वतःचा ईमेल पत्ता ठेवून पुढील प्रयोग करावेत व किती सूचना आल्या ते लिहावे.

१. नवी नोंद करून तीस मिनिटे थांबावे. (अपेक्षित : एक)
२. केवळ शीर्षकातील एक अक्षर बदलावे. (अपेक्षित : शून्य)
३. स्थळ बदलावे. (अपेक्षित : एक)
४. जपून ठेवलेली खूण पुसून सर्व दिनदर्शिका पुन्हा वाचावयास लावावी. (अपेक्षित : शून्य)
५. नोंद रद्द करावी. (अपेक्षित : एक)

पाचही उत्तरे जुळली म्हणजेच योजना उपयोगात आणण्यास योग्य झाली असे समजावे. चौथा प्रयोग कोणीही वगळू नये. पहिले तीन जुळूनही खरी कसोटी तेथेच लागते.