सुटका झाली, पुढे काय?



अनुवादाच्या पुस्तकातील १५व्या अध्यायात एक नियम आहे. सातव्या वर्षी गुलामाला मोकळे करताना मालकाने त्याला शेरडेमेंढरे, धान्य आणि द्राक्षारस यांतला वाटा द्यायचा. हा भाग आपण बहुधा दानधर्माचा म्हणून ऐकतो. पण तिथे दया मागितलेली नाही. राबलेल्या माणसाचे देणे फेडायला सांगितले आहे.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. सुमारे ४० लाख माणसे मोकळी झाली, बहुतेक अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांच्यासाठी त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने ‘फ्रीडमन्स ब्युरो’ हे खाते उघडले. प्रमुख होते जनरल ऑलिव्हर हॉवर्ड. या खात्याने २ कोटींहून अधिक शिधे वाटले (गरीब गोऱ्यांनाही वाटले, हे विसरू नये) आणि ४०हून अधिक इस्पितळे चालवली. देवीची साथ जोरात होती, डॉक्टर थोडे.

मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते कागदाचे काम. मजुरीचे करार लिहून घेणे, मजुरी बुडवणाऱ्या मालकाविरुद्धची तक्रार ऐकणे आणि लग्नांची नोंद करणे. गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हते. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे विकली जाई. अनेक वर्षे संसार केलेली जोडपी आता नोंदीसाठी आली. विवाहाला संस्कार मानणाऱ्या आपल्याला त्या नोंदवहीची किंमत वेगळी सांगायला नको.

जमीन तेवढी राहिली. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या हुकमाने दक्षिण कॅरोलिना ते फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत देण्याचे धोरण धरले. पुन्हा तेच शेत, तोच मालक, तोच मजूर. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आणि ख्रिस्तसभा? १८६६ साली बाल्टिमोरला अमेरिकेतील बिशपांची महासभा भरली. मुक्त झालेल्यांच्या सेवेसाठी देशभराची एक खास व्यवस्था असावी, असे आर्चबिशप स्पॉल्डिंग यांना वाटत होते. इतरांनी ते मानले नाही. प्रत्येकाने आपापल्या धर्मप्रांतात पाहावे, असे ठरले. डिसेंबर १८७१ मध्ये इंग्लंडहून मिल हिल संस्थेचे चार धर्मगुरू या कामासाठी बाल्टिमोरला पोहोचले. पुढच्याच वर्षी ब्युरो बंद झाला.