ज्वरित मधुमेही आणि लंघनाचा विवेक

२०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये नागपुरात कोविडची दुसरी लाट आली. १५ ते २१ मार्च शहरात टाळेबंदी होती. पुढे मेडिकल व मेयोत खाट मिळणे दुरापास्त झाले. धाप लागलेल्या रुग्णाच्या बोटाला प्रथम ऑक्सिमीटर लावला जाई, आणि ते योग्यच होते. तथापि मधुमेहीची धाप फुप्फुसातूनच येते असे नाही. ऑक्सिजन ९७-९८ टक्के, छाती स्वच्छ, तरी श्वास खोल व जलद, सोबत वमन, उदरशूल व तृष्णा, असे चित्र दिसल्यास अन्यथा सिद्ध होईपर्यंत किटोॲसिडोसिसच समजावा. रक्तातील वाढलेल्या आम्लतेची भरपाई करण्यासाठी शरीर तसा श्वास घेते. इन्फ्लुएन्झातही हेच घडू शकते.

संसर्गकाळी कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन वाढतात व इन्सुलिनची गरजही वाढते. नेमका तेव्हाच रुग्ण जेवत नाही आणि ‘जेवण नाही तर इंजेक्शन कशाला?’ म्हणून घरची मंडळी इन्सुलिन थांबवितात. अशा वेळी वैद्याने केवळ ‘लंघन करा’ म्हटले तर त्या चुकीस शास्त्राचा आधार मिळतो. वस्तुतः चरकसंहितेत ज्वराच्या आरंभी लंघन सांगताना क्षय, वात, श्रम इत्यादींपासून उत्पन्न ज्वर वगळले आहेत. प्रमेहातही स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असा भेद करून कृशास बृंहण सांगितले आहे. इन्सुलिनवर जगणारा कृश रुग्ण लंघनार्ह नव्हेच. आहार घटला तरी त्याचे दीर्घकाल कार्य करणारे इन्सुलिन बंद करू नये. मात्रा त्याच्या मधुमेहतज्ज्ञास विचारून ठरवावी. पेज, मुगाचे कढण व पाणी थोडे थोडे द्यावे, रक्तशर्करा दर चार तासांनी पाहावी. गुळाचा काढा व साखरेच्या पाकातील अवलेह या दिवसांत आम्ही देत नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत शर्करा २०० च्या आत असूनही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. ज्वर-वमनात ही औषधे तात्पुरती थांबविण्याविषयी त्याच दिवशी तज्ज्ञांशी बोलावे. वृद्धांत मात्र शर्करा ६०० च्या वर जाऊन दोन-चार दिवसांत तंद्रा येते. तिला ‘तापाची ग्लानी’ समजू नये.

मूत्राची किटोनपट्टी चिकित्सालयात असावीच. ती सर्व किटोन दाखवीत नाही, म्हणून लक्षणे असता पट्टी निरंक आली तरी निर्धास्त राहू नये. सतत वमन, खोल श्वास वा तंद्रा दिसताच रुग्णालयात धाडावे. तेथे शिरेतून द्रव, इन्सुलिन व पोटॅशियमचे नियमन लागते. सोबतच्या चिठ्ठीत शेवटचे इन्सुलिन केव्हा व किती घेतले, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि आपण कोणती औषधे दिली, हे स्पष्ट लिहावे.